शिरवाळ्यांवर टोमॅटो

इटलीत चित्रकला शिकायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी भर मेसमध्ये स्पॅगेटीवर साखर घातली. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीहून निघालेल्या मुलीने स्पॅगेटी बघितलेली असणं शक्यच नव्हतं. ताटलीत लोण्यात घोळवलेल्या पांढऱ्या लांब दोऱ्या दिसल्या आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर शिरवाळे! आमच्याकडे तांदळाच्या उकडीच्या ह्या शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. रस कुठे दिसेना, म्हणून कॉफीसाठी ठेवलेली साखर मी चार चमचे पसरली आणि दुधाच्या भांड्याला हात घातला. शेजारच्या मुलीने माझं मनगट धरलं. सगळं टेबल माझ्या ताटलीकडे बघत होतं. मी घास गिळला आणि छान आहे म्हणून मान डोलावली. खरं सांगते, वाईट नव्हतं.

ते सगळं वर्षच असं होतं. चर्चमधली चित्रं बघायला गेले की मी आपसूक पायातले बूट दाराशी काढायची आणि गारठलेल्या फरशीवर मोज्यांनी फिरायची. आधी वर्गातली मुलं हसली, मग त्यातल्या दोघीतिघी माझ्यासारख्याच फिरायला लागल्या. एकदा मास्तरांनी भिंतीला आधी लाल गिलावा केला, त्यावर चुन्याचा पांढरा हात दिला आणि ओल्या चुन्यावर सुरीने खरवडून वेल काढली. पांढऱ्यातून लाल रेघा उमटत गेल्या आणि मी उभी राहून चक्क मराठीत ओरडले, की हे आमच्या देवळात आहे. आजोळच्या देवळाच्या भिंतीवर तांबड्या कावेत आणि चुन्यात असेच मोर काढलेले होते आणि मी लहानपणी त्यांना टेकून पेरू खाल्ले होते. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला फळ्यापाशी उभं केलं. तोडक्यामोडक्या इटालियनमध्ये मी तासभर कोकणातल्या देवळांबद्दल बोलले, आणि त्या दिवशी माझे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

जुलैत सुट्टीला घरी आले ती अशी हवेतच. खिशात पत्र होतं. दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली होती, महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. आईने माझ्यासाठी दोन स्थळं बघून ठेवली होती, त्यामुळे तिचं उत्तर मला ठाऊक होतं. प्रश्न बाबांचा होता. त्यांनी तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली होती आणि घरी बसल्यावरही ते तिथल्यासारखेच कमी बोलत. ते कधी नाही म्हणत नसत. उठून विहिरीवर जात. मी पत्राचा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ते विहिरीवर गेले.

मग मी ठरवलं, सांगण्यापेक्षा खायला घालावं. साखरेची गोष्ट ऐकून आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती, तेव्हा ती शिरवाळे करायला लगेच तयार झाली. उकडीचे गोळे लाकडी साच्यात घालून वरून जोर द्यायला दणकट माणूस लागतो. बाबा आले आणि दांड्यावर ओणवे झाले. खालून पांढऱ्या शेवया भराभर उतरायला लागल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण मी चुलीवर लसूण लाल केली, टोमॅटो ओतले आणि पावसाळ्याच्या बेगमीतले सोडे टाकले, तेव्हा आईला कळलं की हे कालवण मी शिरवाळ्यांवर ओतणार आहे. नैवेद्याच्या पदार्थावर सुकी कोळंबी! पोरीचं डोकं तिकडे थंडीने गेलं, असं तिने भिंतीला सांगितलं आणि बाबांसाठी नारळाच्या रसाची वाटी वेगळी झाकून ठेवली.

आम्ही पानावर बसलो. मला इतकं हसू येत होतं आणि इतकी धास्ती वाटत होती, की माझा घास हातातच राहिला. बाबांनी शिरवाळे कालवले, खाल्ले, पुन्हा खाल्ले. मग ताट पुढे केलं. आईने वाटीवरचं झाकण काढलं तर त्यांनी मान हलवली आणि कालवणाकडे बोट दाखवलं. मला उठून नाचावंसं वाटलं.

"जिनोआला मी अकरा वेळा गेलो," ते अचानक म्हणाले.

जिनोआ म्हणजे इटलीतलंच बंदर! मी हरखून विचारलं, मग त्यांनी काय काय बघितलं. तर काहीच नाही. बोट धक्क्याला लागली की इंजिन उघडायचं, साफ करायचं, परत जोडायचं, तोवर निघायची वेळ होई. मधेच विडी ओढायला डेकवर येत तेवढंच.

"डेकवरनं एक चढ दिसायचा," ते ताटाकडे बघत म्हणाले. "वर पिवळा घर. रस्ता त्याच्या मागं वळतो. आता गेलीस की तो चढ चढ गो बाय. मागं काय हाय ता बघ नि मला लिव."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मी हो म्हणाले आणि लगेच रडू फुटलं. बाबांनी मला रडू दिलं. मग घर जरा डाव्या अंगाला आहे, चुकशील, असं म्हणून त्यांनी ताटातल्या लाल रश्श्यात बोटाने मला धक्का, चढ आणि रस्त्याचं वळण काढून दाखवलं. वळणाशी त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.