अमावास्येला घर सोडणारे भावोजी

आमच्या भावोजींइतकी अमावास्येची वाट पाहणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत नसेल. असलाच तर तो भगत असेल. भावोजी शास्त्रज्ञ आहेत. मेलेले तारे गरगर फिरत असतात आणि दर फेरीला नाडीसारखा किरणांचा एक ठोका देतात. त्यांची आणि त्यांच्याभोवतीच्या ढगांची गॅमा किरणं आपल्या हवेवर आदळली की पापणी लवायच्या आत फिकट निळी चमक उठते, आणि ती टिपायची तर आकाशात चंद्र नको. म्हणून दर अवसेला काळी बॅग घेऊन ते नवीन पनवेलचं घर सोडतात आणि दूर डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी जाऊन बसतात. तारा बघितला की तेवढाच वेळ शेजारचं रिकामं आकाश बघायचं आणि फरक काढायचा, ही त्यांच्या कामाची रीत. ताईला बघायला आले तेव्हाही जेवढं तिच्याकडे पाहिलं तेवढंच शेजारच्या भिंतीकडे. आईला वाटलं, मुलगा तिरळा आहे. जेवताना त्यांची बोटं ताटावर टकटक करत असतात. "कोणाचे हो हे ठोके?" मी एकदा विचारलं. "आहे एक. मरून युगं लोटली," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. आमटी कशी झालीय हे मात्र ते सांगत नाहीत. एका वाटीवरून सांगता येत नाही म्हणे.

गव्हाणहून ताईकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशीच्या कानावर हे सगळं गेलं होतं. तिचा मुलगा होडी घेऊन समुद्रात गेला तो परतलाच नव्हता. एका सकाळी तिने पाटी दारात उतरवली. "दादा, तू मेल्यांचे ठोके आयकतंस ना? माजा पोर त्यांच्यात हाय का नाय, येवढाच सांग."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे तेवढाच वेळ पाहिलं. तिनेही दचकून तिकडे मान वळवली.

"नाही," ते म्हणाले.

"मंग जिता हाय," म्हणत ती हसली.

ऐकू आलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण दर अवसेनंतर ती विचारते आणि ते "नाही" म्हणतात. परवा मात्र उत्तर द्यायला त्यांना जरा वेळ लागला. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली.

"दादा, कदी आयकू आला ना, तरी मना नायच सांग."

भावोजींनी होकारार्थी मान डोलावली, वाकून तिची पाटी उचलली आणि तिच्या डोक्यावर दिली. तेव्हापासून मला त्यांची थट्टा करवत नाही.