बोटाने वाचलेला काटा

आमच्या गल्लीतल्या बॉयलरवाल्याला मी त्याच्या मुलीमुळे ओळखू लागलो; ती माझ्या वर्गात होती. प्रगतिपुस्तकावर तो नेमकी मुख्याध्यापकांच्या जागी सही करायचा. मी दोनदा त्याच्यावर रागावलो. आधी विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. भिंतीवर वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ, त्यात एकच काटा. तो लाल खुणेपुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच काम. भिंतीपलीकडे बारा बायका वाफेवर तापलेल्या रोलरांतून चादरी काढत. त्यांतली एक त्याची बायको.

चाळिशी उलटली आणि आधी लाल खूण धुरकट झाली, मग काटा, मग माणसंही. डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात यायचा. पहाटेची रांग, चाळीस टोकनं, आणि बॉयलर पेटवायचा पाचला. एकदा खाडा करून गेला, तर याचा नंबर एक्केचाळिसावा. पुढच्या खेपेला तपासणीचं यंत्रच बिघडलेलं. फुटपाथवरचा चष्मा लावून पाहिला. त्यानं नुसतं डोकं चढलं. शिवाय फाइलीत दरवर्षी ‘दृष्टी उत्तम’ असा दाखला लागे. कारखान्याचा कारकून तो परस्पर आणायचा. चष्मा लावून आत पाऊल टाकलं की दाखला खोटा आणि नोकरी खलास.

म्हणून त्यानं घड्याळाची काच काढली, खुणेच्या जागी तारेचा तुकडा चिकटवला आणि काटा बोटानं चाचपू लागला. तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

गेल्या आठवड्यात चादरी करपू लागल्या.

“अहो, आज पाच गेल्या,” बायको बॉयलरपाशी डबा ठेवता ठेवता म्हणाली. “वाफ जास्त झालीय.”

“काटा जागेवर आहे.”

“मग चादरी काय माझ्या रागानं करपल्या?”

त्यानं काट्यावर बोट टेकवलं. काटा बोटाबरोबर मागे सरकला आणि परत आला नाही. रोज चाचपून चाचपून तो सैल झाला होता. दाब असेल त्याहून कमी दाखवत होता. किती कमी, कोण जाणे. जादा वाफ सोडणारी झडप फार फुसफुसते म्हणून मालकानं वजन टांगून ती दाबून ठेवलेली.

त्यानं भट्टीतला विस्तव बाहेर ओढला आणि पलीकडे धावला. “बाहेर व्हा सगळ्या!”

“का हो दाजी, चहा पाजताय?” एकीनं विचारलं. मग त्याचा चेहरा दिसला आणि सगळ्या गुपचूप अंगणात गेल्या.

कारकून तणतणत आला. “विस्तव कुणाला विचारून ओढलास?”

“काटा खोटं सांगतोय, साहेब.”

“कशावरून?”

तेव्हा त्याला सगळंच सांगावं लागलं. कारकुनानं घड्याळात डोकावून पाहिलं. बॉयलर निवत आला होता, काटा शून्याकडे उतरलेला. “काटा ठीक आहे, बाबा. डोळे तुझे गेलेत. उद्यापासून येऊ नकोस.”

डोळे गेलेल्याचं कोण ऐकणार? दुसऱ्याच दिवशी नवा माणूस बॉयलर पेटवणार होता. घड्याळ तेच.

“तू जाऊ नकोस,” त्यानं रात्री बायकोला सांगितलं.

“अकराजणी आत आणि मी घरी? पहिली चादर करपली की सगळ्यांना ओढून बाहेर काढते.”

नेमका तोच दिवस डॉक्टरांचा होता. त्याला आता सवडच सवड होती. पहाटे मी त्याच्यासोबत गेलो. सतरावं टोकन मिळालं. डॉक्टर सहालाच तपासायला बसले होते. रांग ओसरीवरून अंगणात वळत होती. तो सारखा वेळ विचारत होता. सातला रोलर सुरू होतात.

“गुरुजी, कारखान्याचं धुराडं दिसतं का इथून?”

“दिसतं.”

“धूर?”

“आहे. बराच आहे.” खोटं बोलायला हवं होतं की काय, कळेना.

“किती वाजले?”

“पावणेसात.”

आतून सोळा नंबर पुकारला. त्यानं आपलं टोकन मागच्या म्हाताऱ्या बाईच्या हातात कोंबलं आणि माझा खांदा घट्ट धरला.

“चला गुरुजी, कारखान्याकडे, भराभर. पायऱ्या आल्या की सांगा.”