बर्फाच्या चिठ्ठ्यांची मागची बाजू

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा माझा नवरा बर्फ पोचवायचा. दुर्गहून सकाळी ट्रक यायचा, डेपोत लाद्या उतरायच्या. त्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून तो तीनचाकी गाडीवर चढवायचा आणि अफसर लोकांच्या सेक्टरमध्ये दारोदार जायचा. फ्रीज फार थोड्या घरांत होता. आम्ही मजुरांच्या कॅम्पात राहायचो, पत्र्याच्या खोलीत. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी सातवी शिकलेली होते आणि त्याला अक्षर येत नव्हतं.

म्हणून घराघरातून मिळालेल्या चिठ्ठ्या तो दुपारी घरी आणायचा. मी वाचून सांगायची, कोणाला उद्या किती लागणार, कोणाकडे पाहुणे येणार, कोण गावाला गेलं. तो ऐकून लक्षात ठेवायचा आणि सकाळी त्याप्रमाणे गाडी भरायचा. काम झालेली चिठ्ठी माझी. रंगांसाठी मी ती ठेवू लागले. डेपोची कुपनं गुलाबी होती, साइटचे परवाने पिवळे. किती बर्फ हवा ते कळावं म्हणून फाटकावर टांगायचे पुठ्ठे असत, त्यावर छापलेला ‘सेर’ खोडून शाईनं ‘किलो’ केलेलं असे. बर्फ कारखान्याचं लग्नसराईचं पत्रक होतं, त्यावर पांढरं अस्वल. एका रशियन साहेबाच्या बाईनं आपल्या अक्षरात काहीतरी लिहून खाली पाच बोटं काढली होती, पाच किलो म्हणून. हे सगळं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायची आणि दुपारी एकटीच काढून बघत बसायची. शेजारणी हसायच्या.

चैत्रात एका दुपारी तो खुशीत आला. सेक्टरमधल्या एका मराठी अफसराच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्ह्यासाठी त्यानं सकाळीच जास्तीचा बर्फ नेऊन दिला होता, स्वतः फोडूनही दिला होता. ती बाई आमच्याच बाजूची, नागपूरकडची. तीन महिने त्याच्याशी ती गावाकडचं बोलायची, त्यामुळे ते घर त्याला आवडायचं.

“बाईनं मले परसाद देल्ला,” तो म्हणाला. “म्या म्हनलं, बाई, राग नोका मानू, आमी परसाद नाही घेत. आमी बौद्ध झालो.”

“मंग?”

“मंग काई नाही. आत गेली अन् हे चिठ्ठी आनून देल्ली. डेपोच्या मॅनेजरले दे म्हने. आनखी बर्फ पायजे असंन.”

चिठ्ठी घडी केलेली होती. पाकीट नव्हतं. याला वाचता येत नाही हे त्या बाईला ठाऊक होतं, म्हणून पाकिटाची गरज वाटली नसेल.

मी वाचली. सुरेख वळणदार अक्षर होतं. ‘मॅनेजर साहेबांस, उद्यापासून बर्फ घेऊन दुसरा माणूस पाठवावा. हा आमच्याकडे चालणार नाही. जात विचारून पाठवावा.’

“किती पायजे?” नवऱ्यानं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यानं चिठ्ठी हातात घेतली, उलटी धरून बघितली, परत माझ्याकडे दिली आणि हात धुवायला बाहेर गेला. आपल्याला काढून टाका असं लिहिलेला कागद तो स्वतःच्या खिशातून, हसत हसत, तीन मैल घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला आणि मी साडी बदलून सेक्टरकडे चालत निघाले. बंगल्याच्या मागच्या बाजूला भांडी घासणारी छत्तीसगढी बाई भेटली. तिनंच सांगितलं, काल तो गेल्यावर पन्ह्याचं अख्खं पातेलं मोरीत ओतलं. बायका यायच्या आधी पुन्हा कैऱ्या उकडल्या. बर्फ नव्हता, म्हणून माठाच्या पाण्यात केलं. सांगताना ती इकडेतिकडे बघत होती.

मी पुढच्या दारानं गेले. बाई व्हरांड्यात आली.

“ही चिठ्ठी तुमचीच ना?”

“तू कोण?”

“ज्याच्या हाती देल्ली त्याची बायको. त्याले वाचता येत नाही. मले येते.”

तिचा चेहरा उतरला. आवाज एकदम मऊ झाला. “अगं, मला काही नसतं गं. आमच्या सासूबाईंचं सोवळं फार कडक.”

“अक्षर सासूबाईचं हाये का?”

ती माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघू लागली.

“तीन महिने त्याच्याच हातचा बर्फ खाल्ला तुमी. तवा काई नाही झालं?”

“तेव्हा माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

अगदी सरळपणे म्हणाली. मग तिनं हात पुढे केला. “ती चिठ्ठी दे इकडे.”

“नाही. हे माही हाये.”

“मॅनेजरला लिहिलेली आहे ती.”

“मॅनेजरले मी तोंडानं सांगतो,” म्हटलं आणि फाटक जोरात आपटून निघाले.

सांगितलंही. मॅनेजर ठेकेदाराचा माणूस, त्यानं ऐकून घेतलं आणि कंटाळल्यासारखा म्हणाला, “झगडा मत करो बाई. मैं उसकी लाइन बदल देता हूँ.” त्या घराला जाब विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. घरांची फेरी सुटून नवऱ्याला साइटची लाइन मिळाली. मजुरांच्या पाण्याच्या टाक्यांत बर्फ टाकायचा, उघड्या मैदानात, भट्टीच्या खड्ड्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची. रस्ता दुप्पट, सावली कुठेच नाही.

“तुमी काईच कावून बोल्ले नाही?” मी त्याच्यावरच ओरडले.

“तिथं थंडं पानी पायजे, बाकी कोनी काई इचारत नाही,” तो म्हणाला. “मले बरं हाये.” मग खाली बघत म्हणाला, “मले वाचाले शिकव.”

शिकवलं. पाटी आणायच्या आधी डब्यातल्या कागदांवरच सुरुवात झाली. तो पेन्सिल इतकी दाबायचा की कागद फाटायचा, आणि मी त्याच्यावर चिडायची. तो चुकायचा म्हणून नाही, त्या बाईचं अक्षर मला विसरता येत नव्हतं म्हणून.

जमवणं मी सोडलं नाही, पण रंग बघायचे सोडले. मी प्रत्येक कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागले. या घरी पाणी वरून ओतून दिलं. या घरी बर्फ नळाखाली धुतल्याशिवाय आत नेत नसत. या घरी दार उघडलं नाही, पायरीवर ठेव म्हणाले. जुन्या लाइनवरचं आठवून नवऱ्याला विचारायची, तो नाइलाजानं सांगायचा. काही मी विचारलंही नाही. आडनाव बघून लिहून टाकलं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो अडखळत वाचायला लागला. एका रविवारी डबा उघडून तो मागच्या बाजूचं एकेक वाचत बसला. मी भाकरी थापत होते. त्यानं एक गुलाबी कुपन वर धरलं.

“हे तू खोटं लेयलं.”

“काय खोटं? बामनाचं घर नाही ते?”

“हाये ना. पन ज्या दिवशी मले उन्हाची लू लागली, त्याईनं मले आत नेलं. पंख्याखाली खुर्ची देल्ली. त्याईची माय मले कांद्याचं पानी पाजत होती. त्याईले मी सांगतलं होतं, आमी कोन हावो ते.”

“तुमी कदी बोल्ले नाही.”

“तू कदी इचारलं?”

मी पिठाचे हात पुसले. त्या घराबद्दल लिहिलेली ओळ खोडली आणि खाली खरं ते लिहिलं, खुर्चीसकट. लिहिताना राग कमी झाला नाही, उलट वाढला, कारण आता तो माझ्यावरही होता. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळा डबा तपासला. आडनावावरून मी लिहिलेले आणखी दोन कागद निघाले, तेही दुरुस्त केले.

बाकीचं सगळं खरं होतं. ते तसंच ठेवलं.