पुरवण्यांची राखण

बातमी मला कोणी सांगितली नाही, ती मला विचारली गेली. सकाळचे नऊ वाजले असतील. पांढऱ्या कांद्याची माळ खुंटीला अडकवत होते, तेवढ्यात नागपूरहून स्नेहलचा फोन. "ताई, सरांनी आज पाहिलं नाही का?" मी म्हटलं, काय पाहिलं नाही? "यादी हो. रोज सकाळी सातला यादी बघतात आणि खाली 'पाहिलं' म्हणून लिहितात ना. आज लिहिलेलं नाही." मी म्हटलं, अगं, माणूस आहे, उठले नसतील अजून... आणि फोन ठेवून चपला घातल्या. माझं घर आणि म्हात्रे सरांचं घर यांच्यामध्ये दोन वाड्या आणि एक विहीर. विहिरीपाशी पोचले तेव्हाच त्यांच्या अंगणात माणसं उभी दिसली. पुढचं कोणी सांगायची गरजच उरली नाही. सरांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या मुलीला नागपुरात बसून जे कळलं होतं, ते दोन वाड्यांपलीकडे मला कळलं नव्हतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. लोक विचारतात, सर शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, मग दिवसभर त्या कॉम्प्युटरवर करत काय होते? तर ऐका. मी दहावीपर्यंत शिकलेली, अलिबागच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली बसून आयुष्यभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप केलेली बाई. मला कळलं तसं सांगते. वेबसाईट बांधायचा एक सांगाडा असतो. तो फुकट असतो, त्याचं पोट सगळ्यांना उघडून बघता येतं. गाभा परदेशातली माणसं सांभाळतात. पण त्या गाभ्याला मराठी कळत नाही, आपली पंचांगं कळत नाहीत, आपल्या वाचनालयाचं कार्ड कळत नाही. मग कोणी सांगलीचा, कोणी नागपूरची, असे आपापल्या गरजेपुरते छोटे छोटे तुकडे लिहून त्याला जोडतात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात. हे मराठी तुकडे गोळा करायचे, तपासायचे, नीट मांडून ठेवायचे, गाभा बदलला की कोणता तुकडा मोडला ते बघायचं... हे काम सर करायचे.

त्या तुकड्यांना सर 'पुरवणी' म्हणायचे. गणिताचे मास्तर ते! परीक्षेत मुलं पुरवणी मागतात ना, तिथून उचललेला शब्द. मला म्हणायचे, "ताई, मी आयुष्यभर पेपरावर देखरेख केली. उत्तर कसंही असो, पुरवणीचा दोरा सुटला की पोराचं लिहिलेलं गेलं. दोरा बांधायला शिक्षक लागतो." म्हणजे स्वतःला ते फक्त दोरा बांधणारा समजायचे. आणि लिहिणारा नोकरीत, संसारात गुंतला आणि त्याने पुरवणीकडे बघणं सोडलं, की तिला बाहेरच्या जगात 'अनाथ' म्हणतात म्हणे. सरांना तो शब्द खपायचा नाही. "मालक मुंबईला राहतो म्हणून आपण वाडीला अनाथ म्हणतो का? कोणीतरी राखणीला असतं." म्हणून त्यांच्या यादीत प्रत्येक पुरवणीपुढे एक रकाना होता : राखणीला कोण.

मी यात कशी पडले, तेही सांगते. सरांची बायको नलिनी, म्हणजे आमची नलू, वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. पाहुणे मुंबईचे. त्यांचा पहिला प्रश्न, पाणी कधी उतरतं? नलू प्रत्येक वेळी मला हाक मारायची, कारण माझे वडील रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचे आणि मला लहानपणापासून तिथीवरून भरती काढता यायची. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास भरती, तिथून पाणी उतरायला लागतं. झालं! सर एकदा पायरीवर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "ताई, हे नलूला सांगता ते मशीनला सांगा की." मी म्हटलं, मला अर्ज टाईप करता येतो, मशीनशी बोलता नाही येत. "अर्जच असतो हो तो. फक्त साहेब जरा मठ्ठ असतो. सगळं फोडून सांगायला लागतं." त्या एका वाक्यावर मी वयाच्या साठीनंतर शिकायला बसले. चार महिने लागले. पण झाली माझी पुरवणी, 'भरती' नावाची, आणि सरांनी ती यादीत चढवली. नातेवाइकांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते मी.

दोन महिन्यांत गुजरातच्या किनाऱ्यावरून एका गृहस्थांचं पत्र आलं. मोडक्यातोडक्या मराठीत, पण रागावलेलं. तुमच्या पुरवणीप्रमाणे आमच्या गावचा समुद्र रोज चुकतो! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना म्हटलं, काढून टाका ती, लोकांची फजिती नको. सर इतके हसले की नलू आतून विचारायला आली. "समुद्र चुकत नाही, ताई. तुम्ही कुठला समुद्र ते लिहिलंच नाहीत." खरंच की! मला वाटलं होतं, समुद्र तो समुद्र. वडिलांची पाऊणपट रेवसच्या धक्क्यावरची, ती तिकडे कशाला लागू पडेल? सरांनी उत्तर स्वतः लिहिलं नाही, मलाच लिहायला लावलं. मग पुरवणीच्या डोक्यावर ओळ टाकली, 'फक्त रेवस ते किहीम'. त्या गृहस्थांनी पुढे त्यांच्या किनाऱ्याची वेगळी पुरवणी लिहिली, आणि वर माझे आभार मानले. माझ्या चुकीचे आभार!

सरांचा एक नियम मात्र तरुण मंडळींना जाचायचा. पुरवणी मोडली, दुरुस्त होईना, कोणी वापरेना, तरी ती थेट काढायची नाही. आधी लिहिणाऱ्याला पत्र, म्हणजे ईमेल. मग तीन महिने थांबायचं. पत्राचा मजकूर ठरलेला, शाळेच्या नोटिशीसारखा : 'आपली पुरवणी सध्या कोणी वापरत नसल्याचे दिसते. ठेवावयाची असल्यास तीन महिन्यांत कळवावे.' स्नेहल एकदा फोनवर भांडली होती त्यांच्याशी. "सर, हे आपोआप करता येतं. वर्षभर हालचाल नाही, की मशीन काढून टाकेल." सर म्हणाले, "बाळा, माणूस गेलाय, की रागावलाय, की नुसता उत्तर द्यायला विसरलाय, हे मशीनला कसं कळणार?" आणि व्हायचंही तसंच. एक जण ऐंशी दिवसांनी उत्तर देता झाला, तर कळलं की तो जहाजावर होता. स्वतः स्नेहलची ओळखही अशाच पत्रातून झालेली. तिने कॉलेजात असताना काहीतरी लिहून सोडून दिलं होतं. तिचं उत्तर आलं, 'काढा प्लीज, मला लाज वाटते त्याची.' सरांनी उलट लिहिलं, 'लाज वाटते म्हणजे आता तुला जास्त येतं. मग दुरुस्त कर.' तेव्हापासून ती यादीला चिकटली ती चिकटलीच.

मग सरांची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिस. शनिवारी नलू जायची, बुधवारी मी. एक हात मशीनला बांधलेला, चार तास नुसतं पडून राहायचं... सर म्हणाले, "ताई, लॅपटॉप आणा. चार तास म्हणजे आठ तासिका झाल्या." त्या बुधवारांत त्यांनी एकच ध्यास घेतला होता. आपण जायच्या आत यादीतल्या प्रत्येक पुरवणीपुढे कोणाचं तरी नाव असलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी त्यांचं स्वतःचं नाव होतं ना! ते एकेक पुसून दुसरं घालायचं. मी फोन लावायचे, ते बोलायचे. नकार पचवायचे, पण सोडायचे नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणायच्या, "गुरुजी मुलींची लग्नं जमवतायत जणू." सर म्हणायचे, "त्याहून अवघड. इथे मुलीला रूप नाही आणि घरात माणूस नाही." आणि रकान्यात नवं नाव पडलं की त्या दिवशी परतताना गाडीत त्यांचा आवाज वेगळा लागायचा. नाव मिळालं नाही की वरसोलीपर्यंत पुढच्या वेळी कोणाला फोन लावायचा, तेवढंच.

शेवटी संपूर्ण यादीच्या चाव्या कोणाकडे, हा प्रश्न आला. मी आपली खिडकीबाहेर बघायला लागले. सर म्हणाले, "बाहेर काय बघता? तुम्हालाच विचारतोय." मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. "ते स्नेहलला येतं." मी म्हटलं, मी म्हातारी आहे. "तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहात." मी म्हटलं, सर, स्नेहललाच द्या ना सगळं, ती हुशार आहे. तेव्हा ते म्हणाले, "ती हुशार आहे, म्हणून घाई करेल. तुम्ही कोर्टाबाहेर बसलेल्या. तुम्हाला तारखेची वाट बघता येते." घेतल्या चाव्या.

ते गेल्यावर तीन आठवडे मला यादी उघडवेना. मग एका सकाळी देवाचं केलं आणि बसले. वरपासून खालपर्यंत सगळी नावं भरलेली. प्रत्येक पुरवणीला माणूस! डोळे भरून आले हो. आणि अगदी तळाशी एक ओळ राहिली होती. पुरवणीचं नाव 'आजचं ताट', लिहिणारा म्हात्रे. म्हणजे सरांची स्वतःची, सगळ्यात पहिली. नलूच्या खोल्यांच्या वेबसाईटवर आज जेवायला काय, ते दाखवणारी. आणि राखणीला कोण, या रकान्यात त्यांच्याच हातचं : 'कोणी नको. खोल्या बंद झाल्या, वापर नाही. काढून टाकावी.' जगाच्या पुरवण्यांना दारोदार राखण शोधणाऱ्या माणसाने स्वतःची मात्र अशी निकालात काढलेली. माझा हात कळीवर गेला. काढायची, तर एक क्षण. पण मग नियम? तीन महिन्यांचा? तो काय फक्त दुसऱ्यांसाठी?

स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "ताई, त्यांनीच लिहून ठेवलंय ना. आणि पत्र लिहून पाठवणार कोणाला?" मी म्हटलं, पत्ता आहे की त्यांचा. आणि मी पत्र पाठवलं. नेहमीचाच मजकूर, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. वेड्यासारखं वाटलं पाठवताना. पण पाठवल्यावर बरं वाटलं. तीन महिने तरी ती ओळ तिथे राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलूचा फोन. "कुंदा, ह्यांच्या फोनवर तुझं पत्र आलंय गं."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की सरांचा फोन तिने चालू ठेवला असेल. मी काहीतरी पुटपुटले, अगं, ते नियमाचं म्हणून...

"नियमाचं असू दे. यात लिवलंय, कोणी वापरत न्हाय. कोण म्हणतं?"

"सरांनीच लिहून ठेवलंय नलू. खोल्या बंद झाल्या ना दोन वर्षांपूर्वी."

"खोल्या बंद झाल्या. म्हणून काय आमचं जेवण बंद झालं? मी रोज लिहिते. सकाळी चहा झाला की पहिलं ते. काल लिवलंय, आज लिवलंय."

मी उघडून पाहिलं. खरंच. सर दवाखान्यात जायचे ते दिवस, ते गेले तो एक दिवस सोडला तर पुढचा सुतकाचा साधा वरणभात, सगळं. रोज. देशभर पत्रं धाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात एकदा विचारलं नव्हतं! मी हसायला लागले आणि पलीकडे नलूही हसायला लागली, आणि मग दोघींचंही हसणं कुठेतरी भलतीकडेच गेलं...

नाक पुसून मी म्हटलं, "मग ठेवायची ना? पण राखणीला कोणाचं तरी नाव लागतं."

"त्यात काय करायचं असतं?"

"बिघडलं की दुरुस्त करायचं, किंवा करून घ्यायचं. कोणी विचारलं की उत्तर द्यायचं. कोणाला काही हवं असलं तर बघायचं, देता येतं का."

"एवढंच? मग घाल माझं. आणि नलिनी लिही, नाहीतर नलू लिवशील." मग म्हणाली, "हवं असलं तर बघायचं म्हणालीस ना? मग मलाच हवंय एक. ह्यांना किती वेळा सांगितलं, नुसतं आजचं लिहून काय उपेग? बिरड्याचे वाल दोन दिवस आधी भिजत घालायला लागतात. परवाचं लिहायला जागा पायजे. हे म्हणायचे, आजचं बघ, परवाचं परवा."

बुधवारी मी त्यांच्याकडे गेले. आता बुधवार रिकामाच असतो. सरांच्या टेबलाशी आम्ही दोघी बसलो, स्नेहल फोनवरून सांगत होती, मी टाईप करत होते, नलू 'हळू, हळू' म्हणत होती. दुपार झाली, पण 'आज'च्या खाली 'उद्या' आणि 'परवा' असे दोन रकाने उघडले. नलूने चष्मा लावला. उद्याची जागा मोकळी ठेवली. परवाच्या जागेत एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं : बिरडं. मग उठली आणि डब्यातले वाल सुपात घेऊन निवडायला बसली.