आईचा फोटो, शेततळ्याच्या बांधावरून

आमच्या ह्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि प्रत्यक्षात घेतला, या दोन गोष्टींच्या मधल्या काळात आमच्या मुलीचं सगळं इंजिनिअरिंग उरकलं. मी काही वाढवून सांगत नाही. मुलगी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरते.

त्याला निमित्त झालं माझं माहेर. दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे, आता भाऊ बघतो. थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिथे गेलो होतो आणि माझे वडील, आमचे दादा, बागेच्या पार शेवटच्या टोकाला उभे होते. अंगात बनियन, डोक्यावर टोपी, आणि एक घड तळहातावर घेऊन त्याच्याकडे बघत होते. ह्यांनी लगेच मोबाईल काढून फोटो घेतला. घरी येऊन दोन बोटांनी मोठा करून बघितला, तर वडिलांच्या जागी नुसते चौकोन. टोपी तेवढी पांढरा चौकोन म्हणून ओळखू येत होती. हे म्हणाले, लांबचं जवळ आणणारा एक चांगला कॅमेरा घ्यायला पाहिजे. मी म्हटलं, घ्या की. मला वाटलं, येत्या रविवारी घेतील.

अहो, मेथीची जुडी न बघता पिशवीत टाकणारा हा माणूस! घरी येऊन मी निवडायला बसले की निम्मी जुडी कचऱ्यात जाते. त्या माणसाने कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र असा अभ्यास मांडला, की तेवढा कॉलेजात केला असता तर आज आमचं चित्र वेगळं असतं. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा घ्यावा, तर भिंगांची पिशवी कोण उचलणार? ह्यांची कंबर म्हणजे आधीच डॉक्टरांच्या ताब्यातली. छोटा खिशातला घ्यावा, तर मोबाईल काय वाईट आहे? मग ह्यांना ब्रिज कॅमेऱ्याचा शोध लागला. दिसायला मोठ्यासारखा, पण भिंग कायमचं बसवलेलं, बदलायचं कामच नाही, आणि झूम असा की गंगापूर धरणाच्या या काठावरून पलीकडच्या काठावरचा बगळा डोळे मिटतोय की उघडतोय ते दिसावं. दुकानदाराने समजावून सांगितलं, मोबाईल आणि मोठा कॅमेरा यांच्यामधला हा पूल. मी नाशिकची, पूल म्हटल्यावर आधी पाणी कुठवर आलंय ते विचारते. म्हटलं, यात खोट काय ते सांगा. बिचारा खरं बोलला. आतला सेन्सर लहान असतो, त्यामुळे उजेड कमी झाला की फोटो दाणेदार येतात. झालं! ह्यांचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात आम्ही इतक्या वेळा गेलो की दुकानदार ह्यांना बघून चहा सांगायचा. आवडलेला कॅमेरा हे हातात घ्यायचे, डोळ्याला लावायचे, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी जवळ आणायचे, लांब न्यायचे आणि परत ठेवायचे. कारण पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येणार असायचं. ते यायचं, तेव्हा जुनं स्वस्त होणार असायचं. मी हात टेकले आणि विषय सोडून दिला.

आणि मधल्या काळात वडील गेले. आजार नाही, काही नाही. दुपारी बागेतून आले, पाणी प्यायले, खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला फोटो लागतो. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वडिलांचा धड असा एकही फोटो नाही. आमच्या मोबाईलमध्ये ते चौकोन, आणि चुलतभावाच्या लग्नातल्या घोळक्यात मागून डोकावणारा एक चेहरा. भावाने तोच फोटो गावातल्या स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्यांची आपल्याकडे एक रीत आहे. माणूस गेला की त्याला कोट घालतात. कुणाचंही डोकं असो, खाली तोच निळा कोट, तोच टाय आणि मागे तोच पडदा. वडील ज्या दिवशी चौकट होऊन घरी आले, त्या दिवशी डोक्यावर पांढरी टोपी आणि खाली निळा कोट-टाय अशा थाटात आले. त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता. रडावं की हसावं ते आम्हाला कळेना.

आईने चौकट हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि भावाला विचारलं, "हे कोण सायेब आणून ठिवले?"

तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावताना ती त्या सायबाकडे बघायची आणि तोंड फिरवायची. मागच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला, नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. बरी होऊन घरी जायला निघाली तेव्हा गाडीत बसण्याआधी तिने माझा हात धरला. "मी हाय तवर माझा एक फोटू काढून ठेव. हाय तसा. मला कोट नको घालू देऊ त्या मेल्याला." मी हसायला गेले, पण तिने माझा हात सोडला नाही. तिला मरणाची भीती नव्हती. दुसरीच कुणी बाई होऊन भिंतीवर बसावं लागेल, याची धास्ती तिने घेतली होती.

मी घरी येऊन ह्यांना एवढंच म्हटलं, की आता नवीन मॉडेलची वाट बघायची असेल तर खुशाल बघा, मी उद्या स्टुडिओवाल्याला बोलावते. दुसऱ्या दिवशी ब्रिज कॅमेरा घरात आला. मी रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू वाहिलं. भिंग निघत नाही म्हणून यात धूळ जात नाही, असं हे मला मोठ्या कौतुकाने समजावत होते, तेवढ्यात चिमूटभर कुंकू भिंगाच्या नळीच्या फटीत गेलं. अजूनही झूम करताना नळी बाहेर आली की तिच्यावर लाल रेघ दिसते. त्यानंतर दोन दिवस हे दात घासायच्या माझ्या ब्रशने ती नळी घासत होते.

सरावासाठी आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढायचं ह्यांच्या कंबरेला सांगून बघितलं, तिने नाही म्हटलं. मग खाली चहाच्या टपरीवर बसून हे वर चढणाऱ्या लोकांचे फोटो काढत राहिले. अर्ध्यावर दम लागलेला एक माणूस बायकोला आपली पिशवी देत होता, तेसुद्धा स्वच्छ दिसलं. हात हलला तरी कॅमेरा सांभाळून घेत होता. हे एवढे खूश झाले की मला दुसरा चहा स्वतःहून घेऊन दिला.

मग एका रविवारी माहेरी गेलो. आईने नवं लुगडं नेसलं, अंगणात खुर्ची मांडली आणि हे कॅमेरा घेऊन समोर उभे राहिले. इथेच आमचं सगळं घोडं अडलं. समोर उभा राहिला तो जावई! आणि जावयासमोर आई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेते, मान खाली घालते आणि थेट बोलत नाही. "पाव्हण्यांना इचार, चहा घेत्यात का," हे मला सांगते, पाव्हणे हातभर अंतरावर बसलेले असले तरी. माझ्या लग्नापासून हे असंच चाललंय. फोटो काढायचाय म्हणून ते मोडायचं तिच्या मनातही आलं नाही. हे म्हणत होते, जरा वर बघायला सांग. मी सांगत होते, आई, वर बघ. ती पदर आणखी पुढे ओढत होती. हा कॅमेरा चेहरा दिसला की आपोआप त्याच्याभोवती चौकट दाखवतो. त्याने आईला ओलांडून मागच्या गोठ्यातल्या म्हशीच्या तोंडाभोवती चौकट दाखवली.

शेवटी ह्यांना गोठ्याआड पाठवून मी कॅमेरा हातात घेतला. तर आईने पदर मागे घेतला खरा, पण ओठ असे घट्ट मिटले आणि डोळे असे वटारले, की आधार कार्डाच्या माणसानेही दुसरा काढू या म्हटलं असतं. मला रागच आला. म्हटलं, एवढी वर्षं तुला बघतेय, तू अशी कधी दिसतेस का? ती म्हणाली, मग दिसते तशी काढ की.

येताना गाडीत, नाशिक जवळ आल्यावर हे म्हणाले, आपण उलटं करतोय. हा कॅमेरा लांब उभं राहण्यासाठी आहे आणि मी जाऊन तिच्या पुढ्यात उभा राहतोय.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बागेत खुडा सुरू होता. बायका मांडवाखाली घड कापत होत्या आणि आई उपड्या क्रेटवर बसून कात्रीने घडातले खराब मणी काढत होती. तिला कुणी काम सांगितलं नव्हतं, पण सांगून ती थांबलीही नसती. पाव्हणे कुठायत म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, शेततळ्यावर पक्षी बघायला गेलेत. ते खोटं नव्हतं. हे शेततळ्याच्या बांधावर क्रेट रचून त्यांच्यावर कॅमेरा टेकवून बसले होते, पक्षी तेवढा वेगळा होता.

पाव्हणे लांब गेलेले कळल्यावर आईने पदर खाली खांद्यावर टाकला, कारण उकाडा मी म्हणत होता. आम्ही दोघी मणी काढत बोलत बसलो. बोलता बोलता विषय त्या कोटावर आलाच. मी म्हटलं, दादा आता वर बाग लावून बसले असतील, आणि त्या कोटावरच पाठीला पंप लावून फवारत असतील. औषधाने टायचा रंग गेला असेल. मी उठून कोटाची बटणं सावरत, टाय खांद्यावरून मागे टाकत फवारणी करून दाखवली. आई हसायला लागली. हातातली कात्री तशीच, मान मागे, पुढचे दोन दात नाहीत ते सगळं दिसतंय, डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बायकाही हसायला लागल्या. "गप गं," म्हणत ती पुन्हा हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हे बांधावरून खाली आले. आई आत गेल्यावर मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. हिरव्या मांडवाखाली माझी आई, माझीच, कोटातली दुसरी कुणी बाई नव्हे. उन्हात चमकणारे पांढरे केसही त्यात आले होते.

"तुझ्या आईचे केस मी आज पहिल्यांदा बघितले," हे म्हणाले. मग जरा अवघडून म्हणाले की हे चोरून काढल्यासारखं झालंय. तिला दाखवू, तिने नको म्हटलं तर पुसून टाकू. एवढा शहाणपणा ह्यांच्यात आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

मोठा फोटो करून घेतला आणि पुढच्या फेरीला चौकटीसकट नेला. हे ओसरीवर बसले, मी आत जाऊन आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. चौकट उजेडाकडे धरली. मग म्हणाली, डोक्यावर पदर नाय. मी म्हटलं, नाही. म्हणाली, पाव्हण्यांनी काढला? मी म्हटलं, हो, बांधावरून. तिने आणखी जरा बघितलं आणि हळूच विचारलं, "आमच्या ह्यांना कोट घातला, तसा मला पदर घालता येतो का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अगं, एवढं सगळं त्या कोटापायी केलं आणि आता तूच त्या स्टुडिओत जातेस? तिने पुन्हा फोटोकडे बघितलं. स्वतःच्या पडलेल्या दातांवरून बोट फिरवलं. "नको," म्हणाली. "ऱ्हाऊ दे. हीच हाय मी."

आणि आत्ताच लावायचा म्हणून बसली. भाऊ म्हणाला, जिता माणूस गेलेल्याच्या शेजारी टांगत नाहीत, बरं दिसत नाही. आईने त्याला विचारलं, मग मेल्यावर मी बघाया येणार हाय का? खिळा भावाने तिने दाखवला तिथेच ठोकला, वडिलांच्या डाव्या हाताला. फोटोतली आईची मान वडिलांच्या बाजूलाच वळलेली होती. त्यामुळे आता वडील कोटात अवघडून बसलेत आणि आई त्या कोटाकडे बघून हसतेय, असं दिसतं. कुणालाही विचारा, तसंच दिसतं.

हे ठोकाठोकी ऐकून आत येऊन दारात उभे राहिले होते. आई चौकटींकडे मान वर करून बघत होती आणि तिचा पदर घसरून खांद्यावर आला होता. मी तिला खूण केली, पाव्हणे आलेत. तिने वळून बघितलं. मी नेहमीप्रमाणे निरोप पोचवायला पुढे झाले, पण माझं काम पडलं नाही.

"पाव्हणं," ती थेट ह्यांना म्हणाली, "यंत्र लय चांगलं हाय. जरा आधी घेतलं असतं, तर आमच्या ह्यांचाबी असा आला असता."

बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिच्या मनात आलं ते ती बोलली. कॅमेऱ्यांची मॉडेलं तोंडपाठ असलेल्या माझ्या नवऱ्याने मान खाली घातली, आणि आईने पदर खांद्यावरच राहू दिला.