गोठ्यातल्या बोर्डाला कुंकू

शेण रोज काढलं तरी दुसऱ्या दिवशी तेवढंच साठतं. आमच्या गोठ्यातल्या लायटीच्या किश्शांचंही तसंच झालंय.

सुरुवात गंगा म्हशीनं केली. पाण्याच्या लोखंडी टाकीला तोंड लावलं की दचकून मागं सरायची. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिची दृष्ट काढली. मग आमच्या ह्यांचे चुलतभाऊ शिवाभाऊजी आले. ते वायरमन. टेस्टर लावून म्हणाले, "दृष्ट न्हाई वैनी, टाकीत करंट उतरलाय!"

*

आत्याबाई गोठ्यात कधी चप्पल घालत नाहीत. तिथं लक्ष्मी असते म्हणतात. मी लगेच अंबाबाईला नवस बोलले, 'त्यांना गोठ्यात धोका नाही अशी खात्री पटेपर्यंत मी अनवाणी राहीन.'

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "करंटच्या गोठ्यात अनवाणी? देवीलाबी घोर लावला की तुमी!"

काम संपेपर्यंत त्यांनी मला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही.

*

गोठ्याला वेगळं बोर्ड बसवायचं ठरलं. भाऊजींनी आधी घरातला मेन बंद केला.

हे म्हणाले, "चालूवरच जोड की. फ्रीजमधलं दूध नासंल."

"दूध उद्या परत मिळंल, दादा. मी?"

हे मग मेनपाशी खुर्ची टाकून शेवटपर्यंत राखणीला बसले.

*

न्यूट्रलची परतीची वायर आणि जमिनीत जाणारं अर्थिंग एकत्रच बांधू, असंही ह्यांनी भाऊजींना सुचवून पाहिलं.

"न्हाई! सासू-सून एका चुलीवर नांदतील, पर हे दोघं गोठ्यात एकत्र न्हाई नांदायचे," भाऊजी म्हणाले.

आत्याबाई म्हणाल्या, "मग आमचं बघून शिका म्हणावं त्यास्नी!"

*

गोठ्यामागं अर्थिंगचा खड्डा घेतला. तो ओला ठेवायचा, म्हणून तुळशीनंतर मी तिथंही तांब्याभर पाणी घालते. शेजारच्या अक्कांनी विचारलं, "नवा देव बसवलाय व्हय?"

"व्हय. आत्याबाईंना राखणारा."

*

बोर्डात एक खटका आहे. भाऊजींनी सांगितलं होतं, "माणसाच्या अंगातनं करंट जायला लागला, की हा पापणी लवायच्या आत लाईट तोडतोय." बटण दाबून दाखवलंही. तरी माझं मन काही मानेना. मी अनवाणीच.

खंडेनवमीला आत्याबाईंनी लायटीवरचं कडबाकुट्टीचं मशीन पाण्यानं धुतलं. अनवाणी पायांनी, ओल्या हातानं कुंकू लावायला गेल्या आणि गोठ्यात अंधार झाला.

मी काळजावर हात ठेवून धावले. आत्याबाई धडधाकट उभ्या, बोटं झटकत.

"जरा मुंगी चावल्यागत झालं, आन् लाईटच गेली! कसलं बोर्ड बसवलंय गं शिवानं? सणाच्या दिवशी बंद!"

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. ताटातलं कोरडं कुंकू बोटावर घेतलं, बोर्डाच्या झाकणाला लावलं, आणि माझी चप्पल शोधायला गेले.