डोळे मिटल्यावरचा लिंब

आमच्या मालकांना बसवून पुरलंय, अन् मला त्याचीच भीती वाटतीय.

आमच्या लिंगायतात रीतच तशी. मेलेल्याला झोपवत न्हाईत. मांडी घालून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन खड्ड्यात बसवतात.

आज वर्ष झालं.

माझा हा नवरा जन्मभर तसाच बसायचा. उमरग्यात आमचं भुसार दुकान, मागं घर. गिऱ्हाईक तुरीचा भाव विचारायचं, अन् हे डोळे मिटून.

"जग खरं कसं हाय, ते निस्त्या विचारानं कळतंय का बघतोय."

गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

एकदा दारातल्या कडुलिंबाकडं बोट केलं.
"म्या डोळे मिटले की हे झाड असतंय का गं?"
"मिटून बसा तिथं. डोक्यात लिंबोळी पडली की कळंल."
"लिंबोळी पडली हेबी डोक्यातच कळतंय की."

असल्या माणसाशी काय बोलावं.

मग रोजचंच झालं. हे डोळे मिटायचे अन् विचारायचे, "हाय का?"
म्या भाकरी थापता थापता मान वळवायची. "हाय. कुठं जातंय?"
तेवढ्यावर गडी खूश.

शेवटी दवाखान्यात त्यांना टेन्शन झाडाचं न्हवतं, माझं होतं. माझं मनगट धरलं.
"म्या मिटल्यावर तू राहशील न्हवं?"
"राहीन की. तुम्ही बघितलं तरच माझी भाकर फुगती व्हय?"
हसले. मग मिटले.

खड्ड्यात बसवल्यावर म्या एकदाच वाकून बघितलं. तोंड तेच, विचार करतानाचं.
तवापासून वाटतंय, आत बसून अजून विचारच चाललाय. "हाय का" विचारतायत, अन् मला ऐकू येईना.

आज समाधीवर बेल वाहिला. आसपास कुणी न्हवतं.
आयुष्यात पहिल्यांदा म्या त्यांच्यासारखे डोळे मिटून बसले.

समाधी गेली. हायवेवरच्या ट्रकचा आवाज लांब गेला. आपले पाय हायत का न्हाईत, तेबी कळंना.
तोंडातनं निघालं, "हाय का?"

कुणी 'हाय' म्हणलं न्हाय.

झटक्यात डोळे उघडले. सगळं जिथल्या तिथं. पण मधल्या टायमाला होतं का, हे कुणाला विचारू?
घरी आले अन् दारातच थांबले.

मालक, लिंब हाय. आत्ताच दारातनं बघितला. तुम्ही निवांत मिटून बसा.

माझे डोळे मिटल्यावर 'हाय' कोण म्हणंल, तेवढं मात्र आत बसून हुडकून ठेवा.

लवकर येते असं म्हणत न्हाय. भ्या वाटतंय.

नमस्कार घ्या. शरणु शरणार्थी.